घोरपड किती वर्षं जगते

आमच्या घरात कुठलीही वस्तू आणायची म्हणजे तिला दोन प्रश्नांतून पास व्हावं लागतं. बॅगेत मावेल का, आणि नाही मावली तर इथेच टाकून जाताना जीव तुटेल का. हा नियम माझ्या नवऱ्याचा. तो पुण्याचा आहे, त्यामुळे नियम करायला त्याला कुणी सांगावं लागत नाही. आम्ही अमेरिकेत, या ईडन प्रेरी गावात आलो तेव्हा मुलगी बोबडं बोलायची. आता ती गाडी चालवते, मला रस्ते शिकवते, आणि आमचं जेवणाचं टेबल अजून घडीचंच आहे. भिंतीला एक खिळा नाही. सोफा आहे तो परत निघालेल्या एका मराठी कुटुंबाचा, आणि त्यांनी तो घेतला होता त्यांच्याआधी परत निघालेल्या कुणाकडून तरी. त्या सोफ्यावर बसून गेलेली सगळी माणसं भारतात पोहोचली, आम्ही तेवढे त्याच्यावर बसून राहिलो.

बसून राहिलो म्हणजे रांगेत. ग्रीन कार्डाची रांग ही काय चीज आहे ते सांगायला गेलं की समोरचा माणूस जांभई देतो, म्हणून थोडक्यात सांगते. नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही. नवऱ्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन आलं की आम्हाला पुढच्या काही वर्षांपुरता श्वास मिळतो, आणि तो संपत आला की आम्ही तिघं पुन्हा दम धरून बसतो. मी त्याच्या व्हिसाला बांधलेली, मुलगीही बांधलेली. मला मधे कामाचा परवाना मिळाला होता. तो संपला, नवा यायला उशीर झाला, तेवढ्यात नोकरी गेली. भावाच्या मुलीचं लग्न मी फोनवर बघितलं, कारण तिकडे गेलं आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मिळायला अडलं तर परत येणं अडतं. इथून जाता येत नाही आणि इथलं होता येत नाही. सांगलीला माझ्या आईला मी हे समजावते तेव्हा ती म्हणते, "मग तिथं नेमकं करता काय गं?"

पण खरी गोम वेगळीच होती. मुलीचं हे बांधणं तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला आपोआप सुटतं. तोवर आमचा नंबर लागला नाही, आणि तो लागणार नव्हता हे उघड होतं, तर ती आमच्या रांगेतून बाहेर. मग तिची सोय तिनं बघायची. शिकायचा व्हिसा, नशिबात असेल तर नोकरीचा व्हिसा, नाहीतर परत. परत म्हणायचं ते आपल्या सवयीनं. जिथलं तिला फक्त आजीच्या घरचा झोपाळा आणि डास आठवतात, तिथं ती परत कशी जाणार? याला इथे 'एज आउट होणं' म्हणतात. हा शब्द आम्ही नवराबायको बेडरूमचं दार लावून बोलायचो. मुलीला काही सांगितलं नव्हतं. "तिची शाळा होऊ दे, मग सांगू," असं नवरा म्हणायचा, आणि मी मान डोलवायची. शाळा संपायला आता एक वर्ष उरलं होतं.

अशा घरात एका रविवारी थालीपीठ खाता खाता ती म्हणाली, "आय वॉन्ट अ मॉनिटर लिझर्ड."

"म्हणजे घोरपड," मी म्हटलं.

नवऱ्याने लगेच गड, कडा आणि दोरखंडाची गोष्ट काढली. मराठी पुरुषासमोर घोरपडीचं नाव काढलं की तो ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही. मुलीनं ती इथल्या मराठी शाळेत दर वर्षी ऐकलेली. तिनं डोळे फिरवले आणि थालीपिठाचा तुकडा मोडला.

मला मात्र आमच्या सांगलीच्या घरामागचा ओढा आठवला. तिथे एक घोरपड होती. ती दिसली की पोरं दगड घेऊन धावायची आणि मोठी माणसं तिच्या तेलाच्या गोष्टी करायची, सांधेदुखीला म्हणे रामबाण. ती पाळायची असते, तिला दिवा लावून ऊब द्यायची असते, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्याच्याच डोक्यावर तेल थापलं असतं.

मुलीचं हे खूळ एका दिवसाचं नव्हतं. तिच्या वर्गातली सगळी मुलं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात नाहीतर पोहण्याच्या तलावावर कामाला जातात. तिच्या व्हिसावर काम करता येत नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, माझे पेरेंट्स स्ट्रिक्ट आहेत. तिनं आमच्यावर खोटा आळ घेतला आणि आम्ही तो मुकाट्यानं घेऊ दिला. मग तिनं लोकांनी टाकून दिलेले सरडे, साप, कासवं सांभाळणारी एक संस्था शोधली. तिथे फुकट काम चालतं. दर शनिवारी जाऊन ती पेट्या धुवायची, पाणी बदलायची, आणि घरी येऊन मला असल्या गोष्टी सांगायची की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. तिथेच तिला घोरपडीचं वेड लागलं. तिला हवी होती ती ऑस्ट्रेलियातली बुटकी जात, ॲकी म्हणतात तिला. शेपटीवर काटे, सगळी मिळून हातभर लांब. पहिल्यांदा घोरपड पाळणाऱ्यानं हीच घ्यावी असं तिचं म्हणणं.

माझा पहिला प्रश्न ठरलेला होता. "किती वर्षं जगते?"

"फिफ्टीन. मेबी ट्वेंटी, इफ यू डू इट राइट."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी उठून तव्यावरचं थालीपीठ उलटलं, ते आधीच एकदा उलटलेलं होतं.

हो म्हणावं तर तो खोटेपणा होता. चार वर्षांनी ही पोर कुठल्या देशात असेल ते आम्हाला माहीत नाही, आणि तिच्या हातात वीस वर्षांचं जनावर द्यायचं? आणि नाही म्हणावं तर ती कारण विचारणार. तिला कारण लागतंच, त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. मग मी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून नकार यायची वाट बघू लागले. आमचं घर भाड्याचं. बिल्डिंगच्या ऑफिसमध्ये जाऊन विचारलं, घोरपड चालेल का. तिथल्या बाईनं आधी फोटो बघितला, मग म्हणाली, भुंकत नाही ना, मग चालेल. फुकटची चांगुलपणाची हौस! एरवी बाल्कनीत ओढणी वाळत घातली तर नोटीस लावतात.

मग नवरा कामाला लागला. त्यानं इंटरनेटवर शोधून काढलं की भारतात घोरपड पाळणं गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो. "आपल्याला ती तिकडे नेताच येणार नाही यार," तो सुटल्यासारखा म्हणाला.

"हू सेड एनीथिंग अबाउट इंडिया?" मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही, फोनमधून मानही वर केली नाही.

मी पर्याय काढायला सुरुवात केली. हॅम्स्टर घे. गोंडस असतो, दोन वर्षांत कारभार आटोपतो. मासे घे. गोगलगाय पण पाळतात म्हणे. प्रत्येक जनावराचं वय मी आधी शोधायची आणि नंतर त्याचा फोटो बघायची. पोपट बाद, साठ वर्षं. कासव तर बोलूच नका, ते माझ्या तेराव्याला हजर राहील. एक्स्टेन्शनच्या मुदतीत जगून मरेल असा प्राणी मी शोधत होते. आपल्याकडच्या किती घरांत हे चाललं असेल कोण जाणे. ओळखीतल्या एका काकूंना, त्या डॉक्टर म्हणून चाळीस वर्षांपूर्वी इथे आल्या आणि आता रिटायर आहेत, मी हे सांगितलं तर त्या हसून हसून खोकल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं गं."

शेवटी आम्ही तिघं एका मॉलमधल्या प्राण्यांच्या दुकानात गेलो. बघायला काय हरकत आहे, असं म्हणून. तिथे एका काचेच्या पेटीत आफ्रिकेतली एक घोरपड होती, सव्हाना जातीची. तळहाताएवढं पिल्लू. मातकट रंग, जाड मान, आणि डोळे असे की हिला शाळेत घातली तर पहिल्या बाकावर बसेल. विकणाऱ्या मुलीनं सांगितलं, नवख्यांसाठी हीच बेस्ट, काटक असते. मला ती खरंच आवडली. मी काचेवर बोट ठेवलं तर ती बोटाकडे आली.

"नो," मुलगी म्हणाली. "आई, चल."

गाडीत बसल्यावर तिनं सांगितलं. ही पिल्लं रानातून पकडून आणतात. लोक त्यांना उंदीर खायला घालून घालून लठ्ठ करतात, कोरड्या भुशात ठेवतात. त्यांच्या संस्थेत दर महिन्याला एक तरी येते, पोट जमिनीला घासत. नीट सांभाळली तर ती पुष्कळ वर्षं जगते, पण नीट कुणी सांभाळत नाही. बहुतेक सगळ्या दोन-तीन वर्षांत मरतात.

"मग तीच घेऊ," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून निघालं आणि नवऱ्यानं आरशातून मागे बघितलं. मुलगी पुढे बसली होती. ती सबंध वळून माझ्याकडे बघू लागली.

"यू वॉन्ट द वन दॅट डाइज."

"हो," मी म्हणाले. मला राग आला होता. तिचा नाही, दुकानाचा नाही, कुणाचा ते मला धड सांगता आलं नसतं. "मला या घरात एक तरी गोष्ट अशी हवी आहे जिचा शेवट कधी आहे ते मला माहीत आहे. एक तरी! बाकी सगळं लोंबकळतच ठेवलंय ना आपण. काय चुकलं माझं?"

बाहेर बर्फ पडत होता, काच पुसणारे दांडे इकडून तिकडे जात होते. घरी पोहोचेपर्यंत मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मला वाटलं, संपला विषय. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

विषय संपला नव्हता. फेब्रुवारीत, उणे वीस तापमानात, ती म्हणाली की तासाभराच्या अंतरावर एक बाई आहे, ती तळघरात ॲकींची पैदास करते, तिच्याकडे पिल्लं आहेत, आणि तिनं शनिवारी बोलावलंय. "जस्ट कम. प्लीज." तिनं आमच्याकडे फार कधी काही मागितलेलं नाही. मागून मिळत नाही हे तिला लहानपणीच कळलं असावं. आम्ही गेलो.

ती बाई साठीची, उंच, पुरुषी हाताची. घरात शिरल्याबरोबर बूट काढा म्हणाली, तिथेच मला ती बरी वाटली. जिना उतरून तळघरात गेलो आणि मला वैशाखातल्या दुपारी सांगलीच्या बसस्टँडवर उतरल्यासारखं झालं. इतकं उष्ण. प्रत्येक पेटीत एक दिवा, दिव्याखाली दगड, आणि तो दगड म्हणे इतका तापवतात की आपला हात टेकणार नाही. मी कोट काढला, स्वेटर काढला, मोजे काढायचे तेवढे राहिले. किती महिन्यांनी माझी हाडं गरम झाली होती! पिल्लं एकाच पेटीत होती, तीन. विटकरी रंग, अंगावर पिवळे ठिपके. मुलगी पेटीसमोर मांडी घालून बसली आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मी समजत होते आम्ही घोरपड बघायला आलो आहोत. त्या बाईनं खुर्च्या मांडल्या, आम्हाला बसवलं आणि प्रश्न विचारायला लागली तेव्हा कळलं, बघितलं आम्हाला जात होतं. घर स्वतःचं की भाड्याचं? वीज गेली तर काय कराल? माती किती खोल घालाल? किडे घरात ठेवायला कुणाची हरकत नाही ना? मुलगी पटापट उत्तरं देत होती. मला माझा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला. तेव्हा मीही अशीच पटापट उत्तरं दिली होती. मुलाच्या मावशीनं विचारलं होतं, "कंपनीनं अमेरिकेला पाठवलं तर जाशील ना? दोन-चार वर्षांचाच प्रश्न असतो." मी ताटली पुढे करत "हो" म्हटलं होतं. पोह्यांत मीठ कमी पडलंय का, हा त्या दिवशी मला त्याहून मोठा प्रश्न वाटला होता.

मग त्या बाईनं विचारलं, "दहा वर्षांनी हिला कोण सांभाळत असेल?"

नवऱ्यानं घसा खाकरला. त्यानं आपली परिस्थिती सांगायला घेतली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतो तसा, सगळं क्रमवार. व्हिसा, एक्स्टेन्शन, रांग, रांगेतली आमची तारीख, रांग कुठवर सरकली ते सांगणारं दर महिन्याचं सरकारी पत्रक. त्या बाईनं मधेच हात वर केला.

"थांबा. तुम्ही इथे राहता ना?"

"हो."

"आणि तुम्हाला जावं लागू शकतं?"

"हो."

"कधी?"

"ते माहीत नाही."

"असं किती वर्षं चाललंय?"

नवऱ्यानं आकडा सांगितला. त्या बाईनं आम्हा दोघांकडे नीट बघितलं. ओरडली नाही, हळहळलीही नाही. म्हणाली, "मला वाईट वाटतं. पण माझी जनावरं मी अशी देत नाही. मागे एकानं सैन्यात बदली झाली म्हणून घोरपड गॅरेजमध्ये सोडून दिली होती. कोण सांभाळणार ते मला आज कळायला हवं."

आला एकदाचा आयता नकार, मी मनात म्हटलं. इतके महिने वाट बघितलेला. तो आता समोर होता आणि मला मुळीच आनंद झाला नाही. मी पर्स उचलली.

तेव्हा मुलगी बोलली. बोलली इंग्रजीत, मला आठवतं ते मराठीत. पेटीवरची नजर न काढता ती म्हणाली, "मी नसेन. मी एकवीसची झाले की एज आउट होते. तोवर यांचा नंबर लागणार नाही, मी बघितलंय. मी कदाचित इथे असेन, कदाचित नसेन. पण यांची रांगेतली जागा जात नाही. बाबांचं एक्स्टेन्शन होत राहतं. म्हणजे आई इथे असेल. म्हणून मी आईला घेऊन आले. दहा वर्षांनी आई सांभाळेल."

नवऱ्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. आम्ही दार लावून बोलायचो तो शब्द तिनं परक्या बाईसमोर, घोरपडींकडे बघत, सहज वापरला होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी मराठीत विचारलं.

"नाइन्थ ग्रेड." मग खांदे उडवून म्हणाली, "एव्हरीबडी नोज, आई. आम्ही सगळे लंचला हेच बोलतो. मला वाटलं तुम्हाला बोलायचं नाहीये, म्हणून मी नाही बोलले."

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले होते. आपण अडकलोय ते हिच्यासाठी, हिचं इथे मार्गी लागलं की आपण सुटलो, सांगलीला जाऊ, आईजवळ राहू. आणि हिनं हिशेब करून ठेवला होता तो नेमका उलटा. जाणार ती होती. राहणार मी होते. तिच्याशिवाय, या बर्फात, पहिला खिळासुद्धा न ठोकलेल्या घरात. मला कुणीतरी कोंडून बाहेरून कडी लावल्यासारखं झालं. तळघरातली ऊब एकदम सोसेना.

ती बाई माझ्याकडे बघत होती. "तुम्ही सांभाळाल?" तिनं विचारलं. तिला आमचं मराठी कळलं नव्हतं, पण काय झालं ते कळलं असावं, कारण या वेळी तिनं आवाज खाली आणला होता.

मला नाही म्हणायचं होतं. मला उठून ओरडायचं होतं की मी का, मला कुणी विचारलंय का. मुलीनं आता माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी गाडीत मी 'मग तीच घेऊ' म्हटल्यावर ती घरी पोहोचेपर्यंत खिडकीबाहेर का बघत राहिली होती ते मला आत्ता समजलं.

"हो," मी म्हणाले. "वीस वर्षं असली तरी."

"आई, तू निवड," मुलगी म्हणाली.

त्या बाईनं पेटीचं दार सरकवलं आणि हात मातीवर उताणा ठेवायला सांगितला. पकडायचं नाही, हलायचं नाही, नुसतं थांबायचं. मला थांबता येतं, त्यात माझा हातखंडा आहे. एक पिल्लू धावत आलं, जीभ लावून गेलं. दुसरं दगडावरून उठलंच नाही. तिसरं बिळाच्या तोंडाशी होतं. बाहेर येत नव्हतं, आतही जात नव्हतं, डोकं तेवढं बाहेर काढून माझ्या हाताकडे बघत होतं. नवरा म्हणाला, पहिलं घे, ॲक्टिव्ह आहे. मी तिसरं घेतलं.

येताना मुलगी मागे बसली, मांडीवर डबा घेऊन. नवऱ्यानं हीटर शेवटच्या आकड्यावर ठेवला आणि घाम पुसत गाडी चालवली. एकदाच म्हणाला, "आपण तिला सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "काय सांगणार होतो?"

पेटी मोठी, चार फुटी. तिच्यात वाळू आणि माती मिसळून हातभर खोल भरायची, कारण या जातीला खणायला लागतं. नवऱ्यानं गाडीतून पोती वाहिली आणि दोन दिवस पाठ धरून चालला. जेवणाच्या टेबलाची घडी घालून ते कपाटामागे गेलं आणि त्या जागी ही पेटी आली. भरल्यावर ती आम्हा तिघांना मिळून तसूभर हलवता येईना. शेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात घोरपडीचं खाणं, म्हणजे जिवंत झुरळं. पुण्यात आम्ही ती मारायला माणूस बोलवायचो, इथे पोस्टानं मागवली. घरात देव आहेत, श्रावण पाळतात, असं मी एकदा पुटपुटले, पण माझ्याच लक्षात आलं की जोर नाही.

पहिले काही दिवस घोरपड बिळातून बाहेर आली नाही. मुलगी शाळेतून आली की बॅग टाकून पेटीसमोर बसायची आणि नुसती बघायची. मग एका दुपारी दगडावर डोकं दिसलं, मान दिसली, सगळं अंग बाहेर आलं. मुलीनं मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. कुजबुजत सांगितलं की आता पहिल्यांदा हातानं खायला घालायचं, लांब चिमट्यात धरून. जो खायला घालतो त्याची तिला सवय होते, त्याचा वास ती ओळखते, हळूहळू त्याच्या अंगावर येते. मुलीनं चिमटा माझ्यासमोर धरला.

"मला कशाला? तू दे," मी म्हटलं. "तूच तर एवढी मागे लागली होतीस. तुझी आहे ती."

"नको." हे ती मराठीत बोलली, शब्द शोधत. "तिला तुझा हात माहीत पाहिजे. मी दिलं तर ती नंतर मला शोधत बसेल."

तिनं दोन्ही हात स्वेटशर्टच्या बाह्यांत ओढून घेतले आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मला मागे वळून तिला जवळ घ्यायचं होतं, पण हललं तर घोरपड पुन्हा बिळात जाईल हे तिनंच मला शिकवलं होतं. मी चिमटा घेतला, डब्यातलं झुरळ उचललं आणि काच सरकवली.